कॅनडातल्या लहान शहरांची स्कायलाइन पाहायला अजून कोणाला आवडते का? कोणकोणती शहरं पाहावी?

धुऱ्यावरून

नमस्कार मंडळी. अंजनगाव अन् दर्यापूरच्या मधात आमचं गाव आहे, शेती करतो. हिवाळ्यात हरभऱ्याला पाणी द्यायला काही दिवस रात्रीची लाइन असते, मोटर चालू करून दिली की धुऱ्यावर शेकोटी करून बसायचं अन् मोबाईल पाहायचा, दुसरं काम नसते. माझा भाचा दोन वर्षांपासून सास्काटूनला शिकून राहिला. आपल्याकडे रात्रीचा दीड वाजला की त्याच्याकडे आदल्या दिवशीच्या दुपारचे दोन, म्हणून नेमका माझ्या पाण्याच्या पाळीतच त्याला बोलायला वेळ भेटते. मागच्या महिन्यात त्यानं नदीच्या पुलावर उभं राहून एक फोटो पाठवला अन् तेव्हापासून मला हा स्कायलाइनचा, म्हणजे आभाळाला लागून दिसणाऱ्या इमारतींच्या रेघेचा, नाद लागला.

फोटोत खाली साउथ सास्कॅचवान नदी, कडेकडेनं बर्फ धरलेली अन् मधात काळं पाणी, त्याच्यावर वाफ. पलीकडच्या काठावर राजवाड्यासारखी एक इमारत, टोकदार छपरं, बुरूज, तिच्या आजूबाजूला थोड्या साध्या उंच इमारती, अन् झालं. दोन्हीकडून शहर संपते अन् आभाळ सुरू होते. मी झूम करकरून एकेक इमारत मोजली. भाचा म्हणे मामा राजवाडा नाही ते, हॉटेल आहे, बेसबरो नाव, रेल्वेनं बांधलं. मग मी वाचत बसलो तर १९२८ ला काम सुरू झालं, १९३२ पर्यंत इमारत उभी राहिली पण मंदी आली अन् हॉटेल उघडायला १९३५ चा डिसेंबर उजाडला. म्हणजे तीन वर्षं एवढी मोठी वास्तू नदीकाठी कुलूप लावून उभी, अन् लोक येता-जाता तिच्याकडे पाहत असतील की हे कधी उघडते बाप्पा. जवळचा ब्रॉडवे पूल पण त्याच मंदीत, १९३२ मधे, बेकारांच्या हाताला काम द्यायचं म्हणून बांधला. आपल्याकडे दुष्काळात रोजगार हमीवर पाझर तलाव खोदले तसंच झालं हे.

टोरंटोचे फोटो तर सगळेच टाकतात, सीएन टॉवर ५५३ मीटर वगैरे, पण तिथं पाहता पाहता डोळा भटकते, कुठं सुरू अन् कुठं शेवट काही कळत नाही. लहान शहराचं तसं नाही, एका नजरेत अख्खं गाव मावते अन् दोन-चार दिवसांत प्रत्येक इमारत ओळखीची होऊन जाते. मला वाटते आपण सपाट मुलखातले लोक म्हणून असेल, आपल्याला लांबून गाव ओळखायची सवयच आहे. एसटीतून येताना पहिले टाकी दिसते, मग जिनिंगची चिमणी, मग देवळाचा कळस, अन् आई म्हणायची चला आता पिशव्या काढा.

तर विचारायचं हे की अजून कोणती लहान-मध्यम शहरं पाहावी अन् त्यांच्या स्कायलाइनमधे नेमकं काय पाहायचं? कोणी तिकडं राहत असेल तर नक्की लिहा. नुसती लिंक नका देऊ, काय दिसते ते सांगा.

वणीची_लेक

दादा तुमची पोस्ट वाचून राहवलंच नाही. माझं माहेर वणी तालुक्यात, आता सहा वर्षं झाली रिजायनाला आहे, म्हणजे तुमच्या भाच्याच्या शहरापासून गाडीनं अडीच-तीन तास. सव्वादोन लाखांच्या वर वस्ती, आपल्या हिशोबानं लहानच.

मूस जॉकडून ट्रान्स-कॅनडा हायवेनं येताना जमीन इतकी सपाट असते की शहर लांबूनच दिसायला लागतं, आधी क्षितिजावर चार-पाच काड्या रोवल्यासारखं, अन् गंमत म्हणजे मग कितीतरी वेळ ते तेवढंच राहतं, गाडी शंभरनं चालू आहे पण शहर काही जवळ येत नाही, अन् मग अचानक आपण त्याच्यात असतो. पहिल्या वर्षी मी एकटी होते, खूप आठवण यायची घरची, तेव्हा बाहेरगावावरून परत येताना त्या काड्या दिसल्या की जीव भांड्यात पडायचा. अजूनही पडतो.

आमच्याकडे सगळ्यात आधी विधानभवन पाहा. वास्काना तलावाच्या काठावर आहे, मोठा घुमट, १९०८ ते १९१२ मधे बांधलं. तो तलाव माणसांनी केलेला आहे, ओढ्यावर बांध घालून, आधी इथं उघडं माळरान होतं, झाड नाही झुडूप नाही, अन् आता घुमटाच्या भोवती जी दाट झाडी दिसते ती सगळी लावलेली, जगवलेली. मला ह्या गोष्टीचं फार वाटतं. आपल्याकडे उन्हाळ्यात एक कडुलिंबाचं रोप जगवायला काय करावं लागतं ते आपल्याला माहीत आहे, इथं तर उणे तीसची थंडी. अन् १९१२ च्या ३० जूनला इथं मोठं चक्रीवादळ आलं, २८ माणसं गेली, गावाचा मधला भाग उद्ध्वस्त झाला, अन् त्याच वर्षी ऑक्टोबरमधे ह्या विधानभवनाचं उद्घाटन झालं. म्हणजे अर्ध्या गावात मोडलेली घरं अन् तळ्याकाठी नवाकोरा घुमट, कसं दिसलं असेल त्या हिवाळ्यात.

जवळ जाल तर अजून एक आहे. बाहेरचा दगड मॅनिटोबाचा, टिंडल स्टोन म्हणतात. पिवळसर दगड अन् त्याच्यात गडद तपकिरी नक्षी, जशी ओल्या भिंतीवर वाळवी चढते तशी. नीट पाहिलं तर शंखासारखे, पोवळ्यासारखे ठसे दिसतात, ते खरंच समुद्रातले जीव आहेत, ४५ कोटी वर्षांपूर्वीचे. वणीकडे चुनखडीचा दगड लहानपणापासून पाहिलेला पण असा कधी हात फिरवून नव्हता पाहिला. माझ्या मुलीला तिथला एक शंख ठरलेला आहे, गेलो की आधी त्याला हात लावायचा.

आणि हे शेतकऱ्याला सांगायलाच पाहिजे. इथल्या मोठ्या टॉवरचं नाव मोझॅक टॉवर, सास्काटूनला नदीकाठी नवीन उंच झाला त्याचं नाव न्यूट्रियन टॉवर. दोन्ही पोटॅश खताच्या कंपन्या! जमिनीखाली साधारण एक किलोमीटरवर खाणी आहेत, तिथून काढतात अन् ते भारतात पण जातं. म्हणजे तुम्ही कृषी केंद्रातून पोटॅशची गोणी आणता तिचा अन् तुमच्या भाच्याच्या फोटोतल्या त्या टॉवरचा संबंध आहे. मसूर पण इथलीच येते पुष्कळ. म्हणून मी म्हणते स्कायलाइन पाहिली की गाव कशावर जगतं ते कळतं.

बाप्पा_जिनिंगवाले

लय झ्याक विषय काढला भाऊ. मी चाळीस वर्स जिनिंगात काढले, आता पोट्टे पाहतात. मले टॉवरचं काही कौतुक नाई पण कॅनडातले ते ग्रेन एलिव्हेटर काहून कोणी सांगून नाई राह्यलं? तेच तं खरी स्कायलाइन होय तिकडची!

आमच्या साळ्याचा पोरगा तिकडं ट्रक चालवते, त्यानं व्हिडिओ दाखवले तवापासून मी पाहून राह्यलो. रेल्वेच्या रुळाले लागून लाकडाचं उभं घर, सत्तर-ऐंशी फूट उंच, वरतं लहान छप्पर, कोणतं लाल कोणतं पांढरं, अन् त्याच्यावर मोठ्या अक्षरात गावाचं नाव. गावात दोनशे माणूस असो का चारशे, एलिव्हेटर आहेच. आतमधी काय असते तं आपल्या अकोल्याच्या दालमिलमधी बकेट एलिव्हेटर असते का नाई, पट्ट्याले डबे बांधलेले, खाली गहू भरते अन् वरतं नेऊन टाकते, तेच. वरतून मंग नळ्यानं ज्या कोठीत पाहिजे त्या कोठीत सोडते, अन् खाली डबा लागला का डब्यात. कास्तकार गाडी घेऊन येते, वजन होते, गहू वतते, चिठ्ठी घेते अन् जाते. हे तं आपलंच काम झालं ना भाऊ.

त्याच्या भिंती कशा करत ते आयका. फळ्या आडव्या, चपट्या, एकावर एक ठेवायच्या अन् खिळे मारत जायचं, तळापासून वरपर्यंत. काहून का गव्हाचा दाब बाहेर लय असते, उभी फळी फाकून जाईन. मी जिनिंगात सरकीच्या कोठ्याची भिंत फुगलेली डोळ्यानं पाह्यली आहे, एका रातीत, आवाज झाला तं आम्ही धावत गेलो, वीट अन् सरकी सारं एकात एक, नशिबानं खाली कोणी नव्हतं. म्हणून त्या फळ्याईचं काम पाहून मले लय बरं वाटलं, करणाऱ्यानं डोकं लावलं आहे.

१९३० च्या टायमाले असे साडेपाच हजाराच्या वरतं एलिव्हेटर होते म्हणते तिथल्या तीन राज्यात. दर सात-आठ मैलावर एक स्टेशन अन् तिथं एलिव्हेटर, म्हणजे घोड्याच्या गाडीनं गहू नेऊन कास्तकार दिवस बुडाच्या आत घरी आला पाहिजे. आता ट्रक आले, रोड झाले, बारक्या लाइनी बंद पडल्या तं एलिव्हेटर पण पाडले. काही शेकडा राह्यले. मॅनिटोबात इंग्लिस नावाचं बारकं गाव आहे तिथं पाच एका रांगेत जपून ठेवले, ते पाहा भाऊ. पाच उभे घरं अन् मागं नुसतं आभाळ.

आमची शकुंतला रेल्वे बंद पडली तं मूर्तिजापूर-अचलपूर लाइनवरच्या स्टेशनाचं काय झालं ते आपण पाहतच आहो. जिनिंगची जुनी चिमणी पण आमच्या गावात मागच्या साली पाडली, विटा इकल्या. मी त्या दिवशी तिकडं गेलो नाई.

आराखडा_यवतमाळ

मी नगररचनेच्या कामात आहे, त्यामुळे माझा पाहण्याचा कोन थोडा वेगळा आहे. वरच्या दोन्ही पोस्ट सुंदर आहेत पण एक गोष्ट राहिली, काही शहरांत ही दृश्यं मुद्दाम राखलेली आहेत, आपोआप नाही राहिलेली.

हॅलिफॅक्स पाहा. समुद्राकाठचं शहर, मधोमध टेकडी अन् टेकडीवर चांदणीच्या आकाराचा किल्ला, सिटाडेल. उतारावर १८०३ चं जुनं घड्याळ आहे, अन् किल्ल्यावरून अजूनही दुपारी बाराची तोफ होते. १९७० च्या आसपास उंच इमारती यायला लागल्या तेव्हा लोकांच्या लक्षात आलं की असंच चाललं तर किल्ल्यावरून बंदरच दिसणार नाही. मग १९७४ मधे नियम केला. किल्ल्यावरच्या ठरावीक जागांवरून बंदराकडे, तिथल्या जॉर्जेस बेटाकडे, बंदराच्या तोंडाकडे नजरेच्या रेषा आखल्या अन् त्या रेषांमधे इमारत घुसता कामा नये असं ठरवलं. पुढे अजून एक नियम, किल्ल्याच्या आतल्या मैदानात उभं राहिलं तर तटाच्या वर एकही इमारत डोकावली नाही पाहिजे. हा मला सगळ्यात आवडतो. विचार करा, आत उभे आहात, चारी बाजूंनी तट अन् वर नुसतं आभाळ, बाहेर आख्खं शहर आहे पण दिसत नाही.

याचा परिणाम असा की हॅलिफॅक्सची स्कायलाइन समुद्रावरून पाहिली तर तिच्यात फटी दिसतात, इमारती एका बाजूला दाटलेल्या, मधेच मोकळं. नवख्याला वाटेल की इथं प्लॉट रिकामा राहिला. त्या फटीतून किल्ला बंदराकडे पाहतो.

हॅमिल्टनमधे दुसरा प्रकार. तिथं शहराच्या मागे नायगारा एस्कार्पमेंट म्हणजे लांबलचक कडा आहे, लोक त्याला नुसतं माउंटन म्हणतात. डाउनटाउनच्या आराखड्यात ठरवलं की नवी इमारत कड्याच्या माथ्याच्या वर जाऊ नये, साधारण ३० मजले. १९७४ ची ४३ मजल्यांची एक आधीच उभी आहे ती वेगळी. बिल्डर लोकांची ह्याच्यावर तक्रार असते, घरं कमी पडतात तर उंची का अडवता असं म्हणतात, अन् त्यांच्या म्हणण्यातही तथ्य आहे. पण मी हॅमिल्टनकरांच्या बाजूनं आहे. आपल्याकडे रामटेकला खालून येताना टेकडीवरची गडमंदिरं कशी लांबून दिसतात, समजा समोर वीस मजली कॉम्प्लेक्स आलं तर? अमरावती असो की यवतमाळ, विकास आराखड्यात रस्त्याची रुंदी असते, एफएसआय (प्लॉटवर किती बांधकाम करता येतं ते) असतो, पण कुठून काय दिसलं पाहिजे याची एक ओळ नसते. मी दोनदा बैठकीत हा विषय काढला. तिसऱ्यांदाही काढणार आहे.

कोळसापट्टा

सडबरी. नाव लिहून ठेवा दादा.

आम्ही वीजकेंद्राच्या चिमण्यांच्या सावलीत वाढलेले लोक. रात्री घरी येताना चिमण्यांवरचे लाल दिवे दिसले की पोचलो. म्हणून मला सडबरी लगेच जवळची वाटली. ओंटारियोत निकेलच्या खाणींचं गाव आहे, अन् त्याच्या डोक्यावर एक चिमणी, सुपरस्टॅक, ३८१ मीटर! १९७२ मधे पूर्ण झाली तेव्हा जगातली सगळ्यात उंच चिमणी होती. आख्ख्या शहराची स्कायलाइन म्हणजे ती एक रेघ, बाकी इमारती तिच्या पायाशी. बांधकाम चालू असताना १९७० च्या ऑगस्टमधे वादळ आलं, वर माथ्यावर कामगार होते, हलत्या चिमणीवर जीव मुठीत धरून राहिले अन् वाचले.

उंच का बांधली तर गंधकाचा धूर गावावर बसू नये, लांब जावा. त्याच्या आधी कितीतरी वर्षं त्या धुरानं भोवतालची झाडं मेली होती, खडक काळे पडले होते. पण उंच केली म्हणून धूर नाहीसा थोडीच होते, दुसऱ्याकडे जाते. खरा फरक पडला तो धूरच कमी केला तेव्हा, अन् १९७८ पासून लोकांनी जमिनीवर चुना टाकला, गवत पेरलं, झाडं लावली, विद्यार्थ्यांना उन्हाळी काम म्हणून लावलं, चुन्याच्या पिशव्या खांद्यावर घेऊन खडकावर चढायचे. आतापर्यंत एक कोटीच्या वर झाडं लावली. आता तिथले फोटो पाहा, हिरवं आहे.

२०२० मधे ती चिमणी बंद केली अन् आता ती उतरवण्याचं काम काढलं आहे. तिथले बरेच लोक हळहळतात. बाहेरच्याला नवल वाटेल की ज्या धुरानं गाव काळं केलं त्याच्या चिमणीसाठी काय हळहळायचं, पण मला समजते. माझे वडील तीस वर्षं पाळीवर जायचे, त्या चिमण्या म्हणजे आमच्या घराचं घड्याळ होतं. धूर नको होता. पण उद्या त्या नसल्या तर मी रस्ता चुकीन.

पुसदवाला

सगळ्यांना मान्य, पण मी तीन वर्षं किचनरला होतो, मला तिथली स्कायलाइन काही भावली नाही. २०१९ ला ट्राम सुरू झाली अन् तिच्या लाइनीनं काचेच्या उंच इमारती उभ्या राहिल्या, एकीसारखी दुसरी, फोटो काढला तर कोणतं शहर आहे सांगता येणार नाही. अन् दुसरं, आपण लांबून पाहून खुश होतो पण पुष्कळ शहरांत त्या दहा टॉवरच्या खाली अर्ध्या जागेवर नुसतं पार्किंग असते. संध्याकाळी पाचनंतर माणूस दिसत नाही.

वणीची_लेक

पार्किंगचं खरं आहे दादा, रिजायनाच्या डाउनटाउनमधेही आहे, अन् हिवाळ्यात संध्याकाळी तिथून चालताना सुनं वाटतं. मी ते नाकारत नाही. पण किचनरच्या त्या इमारतींना अजून वीस वर्षं द्या. बेसबरो हॉटेल आज सगळ्यांना जीव की प्राण आहे, ते पण रेल्वे कंपनीनं दुसऱ्या शहरांतल्या हॉटेलांसारखंच, त्याच राजवाडी थाटात बांधलं होतं. लोक तिथं लग्नं करतात, शाळेचे फोटो काढतात, मग ती त्यांची होते.

धुऱ्यावरून दादा, सेंट जॉन्स राहिलंच. न्यूफाउंडलंडमधे, समुद्रकाठी, डोंगराच्या उतारावर रंगीत लाकडी घरांच्या ओळी, लाल पिवळी निळी, अन् सगळ्यांच्या वर १८५५ चं दोन मनोऱ्यांचं चर्च. त्याच्या बाजूला २००५ मधे द रूम्स नावाचं म्युझियम झालं, मोठं चौकोनी, कोळ्यांच्या जुन्या मासे खारवायच्या शेडच्या आकारावरून घेतलेलं. तिथले लोक म्हणतात चर्च ज्या खोक्यातून आलं तेच खोकं बाजूला ठेवलंय! मागच्या उन्हाळ्यात आम्ही गेलो होतो, सिग्नल हिलवरून आख्खं गाव दिसतं, तासभर बसलो. मार्कोनीनं १९०१ मधे समुद्रापलीकडचा बिनतारी संदेश पकडला तो ह्याच टेकडीवर.

धुऱ्यावरून

इतकं सगळं मिळेल असं वाटलं नव्हतं, मनापासून आभार सगळ्यांचे. तीन रात्री हेच वाचून राहिलो अन् पाहून राहिलो. बाप्पा, इंग्लिसचे पाच एलिव्हेटर पाहिले, संध्याकाळच्या उन्हातला फोटो आहे एक, सावल्या पार रुळाच्या पलीकडे गेलेल्या, त्याच्यावरून नजर हटत नाही. आराखडा भाऊ, तुम्ही तिसऱ्यांदा विषय काढाल तेव्हा काय झालं ते इथं लिहा.

वणीच्या ताई, पोटॅशचं वाचून मी गोठ्यात जाऊन रिकामी गोणी उलटी करून पाहिली. उत्पादक देश म्हणून कॅनडाच छापलेलं आहे! चार वर्षांपासून ती गोणी वैरणीवर झाकायला वापरून राहिलो अन् कधी वाचलं नव्हतं.

काल संध्याकाळी मी पण एक केलं. गावापासून दीड किलोमीटरवर आमचं वावर आहे, तिथून सूर्य बुडायच्या वेळी गावाचा फोटो घेतला, आडवा, अख्खा. डावीकडून पाण्याची टाकी, मग मारुतीचा कळस, मग मशिदीचे दोन मिनार, मोबाईलचा टॉवर, शाळेमागचा मोठा पिंपळ, अन् शेवटी जिनिंगचं लांब टिनाचं छप्पर. मागं सातपुड्याची निळी रेघ. भाच्याला पाठवला अन् काही सांगितलं नाही. त्यानं दोन मिनिटांत गोल करून परत पाठवला, टाकी अन् कळसाच्या मधात एक बारकं ठिपकं होतं, त्याच्याखाली लिहिलं, "आजीच्या गच्चीवरची टाकी." मला स्वतःला ती दिसली नव्हती.

उद्या रात्रीची लाइन आहे. तो म्हणे पुलावर जाऊन व्हिडिओ कॉल लावतो, एकेक इमारत दाखवतो.